घरातील एलईडी दिवे : उजेडाची रंगछटा कशी निवडावी

दिव्यांच्या दुकानात ग्राहक पहिला प्रश्न वॅटचा विचारतो आणि दुसरा किमतीचा. उजेड कोणत्या छटेचा हवा, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही, आणि दुकानदार सवयीने 6500 केल्विनचा निळसर पांढरा बल्ब पुढे करतो. भारतीय घरांत हाच उजेड सर्रास दिसतो. ट्यूबलाइट घरोघरी पोहोचली ती प्रामुख्याने याच छटेत. पिवळसर दिवा म्हणजे व्होल्टेज कमी असलेला, मिणमिणता, जुन्या काळचा दिवा, ही समजूतही तेव्हाच रुजली. तंत्र बदलले तरी सवय बदलली नाही.

वास्तविक एलईडीने ही निवड प्रथमच सोपी व स्वस्त केली आहे. केंद्र सरकारची 'उजाला' योजना 5 जानेवारी 2015 रोजी सुरू झाली आणि तिच्याद्वारे 36 कोटींहून अधिक एलईडी बल्ब वितरित झाले. 2014 मध्ये सुमारे 310 रुपये असलेली बल्बची घाऊक खरेदी किंमत 2016 पर्यंत 38 रुपयांवर आली. साठ वॅटच्या तारेच्या बल्बऐवजी नऊ वॅटचा एलईडी रोज पाच तास लावला, तर वर्षाकाठी सुमारे 93 युनिट वीज वाचते. बचतीचा हा हिशेब बहुतेकांना ठाऊक आहे; उजेडाच्या गुणवत्तेचा हिशेब मात्र अद्याप घरोघरी मांडला जात नाही.

घरगुती एलईडीत पांढरा प्रकाश थेट निर्माण होत नाही. आतील चिप निळा प्रकाश देते, तिच्यावरील पिवळसर स्फुरक द्रव्याचा थर त्यातील काही भागाचे पिवळ्या-लाल प्रकाशात रूपांतर करतो, आणि दोहोंच्या मिश्रणातून डोळ्यांना पांढरा रंग दिसतो. हे शक्य झाले ते निळ्या एलईडीमुळे. त्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शुजी नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्फुरकाचे प्रमाण व प्रकार बदलला की छटा बदलते. उबदार छटेसाठी अधिक निळा प्रकाश रूपांतरित करावा लागत असल्याने त्या बल्बची कार्यक्षमता किंचित कमी भरते. पण हा फरक वीजबिलात जाणवण्याइतका नसतो.

या छटेचे माप म्हणजे केल्विनमध्ये सांगितले जाणारे रंगतापमान. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल, मग पिवळे, मग पांढरे होत जाते. आदर्श वस्तू आणखी तापवली तर तिचा प्रकाश निळसर होईल. म्हणजेच आकडा जितका मोठा तितका उजेड निळा, आणि ज्याला बोलण्यात 'उबदार' म्हणतात त्याचा आकडा लहान. खरेदीत गोंधळ होतो तो येथेच. पणतीचा वा मेणबत्तीचा उजेड 1900 केल्विनच्या आसपास, तारेच्या बल्बचा 2700, दुपारच्या उन्हाचा साडेपाच हजारांच्या घरात, तर ढगाळ आकाशाचा 6500 वा त्याहून अधिक. खोक्यावर 2700 ते 3000 असेल तर तो 'वॉर्म व्हाइट', 4000 च्या आसपास 'नॅचरल' वा 'न्यूट्रल व्हाइट' आणि 6500 असेल तर 'कूल डे लाइट'. नावे कंपनीगणिक बदलतात, म्हणून नावापेक्षा आकडा पाहणे श्रेयस्कर.

पांढऱ्या दिव्याचा उजेड अधिक असतो, हे दुकानात हमखास ऐकू येणारे विधान अर्धसत्य आहे. उजेडाचे परिमाण ल्यूमेनमध्ये मोजतात आणि ते छटेवर नव्हे, बल्बच्या क्षमतेवर ठरते. सारख्या ल्यूमेनच्या दोन दिव्यांत निळसर दिवा अधिक प्रखर भासतो, इतकेच. उबदार दिवा लावून खोली अंधारी वाटत असेल, तर बहुतेक वेळा छटा चुकलेली नसून ल्यूमेन कमी पडलेले असतात. उदाहरणार्थ, दहा बाय बारा फुटांची खोली सुमारे अकरा चौरस मीटर भरते. तेथे सरासरी 100 लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला 100 ल्यूमेन, उजेड हवा आणि दिव्याचा साधारण निम्माच प्रकाश उपयोगाच्या पातळीवर पोहोचतो असे धरले, तर 2200 ल्यूमेन लागतात. वीस वॅटची एलईडी ट्यूब सुमारे 2000 ल्यूमेन देते, नऊ वॅटचा बल्ब 800 ते 900. एका बल्बवर अशी खोली उजळणार नाही, मग तो कितीही पांढरा असो. भिंती गडद रंगाच्या असतील तर गरज आणखी वाढते.

खोलीनुसार छटा ठरवताना तेथे काय चालते आणि केव्हा चालते, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत. शयनगृह व बैठकीच्या खोलीत 2700 ते 3000 केल्विन योग्य. स्वयंपाकघरात सुरी, विस्तव आणि धान्य निवडणे या तिन्हींसाठी भरपूर व स्वच्छ उजेड लागतो. तेथे 4000 केल्विन उत्तम, आणि ओट्यावर स्वतःची सावली पडू नये म्हणून वरच्या कपाटाखाली एक पट्टी दिवा असावा. अभ्यासाच्या टेबलालाही 4000 केल्विन चालतो. 6500 केल्विनची घरात क्वचितच गरज पडते. पांढऱ्या चकचकीत फरशीवर आणि पांढऱ्या भिंतींवर हा उजेड परावर्तित होऊन घराला दवाखान्याची कळा येते, ही तक्रार अनेक नव्या सदनिकांत ऐकू येते. देवघर, गॅलरी आणि प्रवेशद्वारापाशी उबदार छटेचा आणखी एक लाभ आहे. किडे लघुतरंगी, निळसर प्रकाशाकडे अधिक आकर्षित होतात; त्यामुळे पावसाळ्यात पिवळसर दिव्याभोवती त्यांची गर्दी तुलनेने कमी राहते.

मंद उजेड उबदार आणि प्रखर उजेड शीतल असेल तर डोळ्यांना सुखद वाटते, असे डच भौतिकशास्त्रज्ञ क्रुइथॉफ यांनी 1941 मध्ये मांडले होते. पुढील प्रयोगांनी त्यांच्या आलेखाला पूर्ण पुष्टी दिलेली नाही. तथापि प्रकाशयोजनाकार आजही त्याचा ढोबळ आधार घेतात.

झोपेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. डोळ्याच्या पडद्यातील काही पेशी पाहण्यासाठी नसून शरीराच्या घड्याळाला दिवस-रात्र कळवण्यासाठी असतात. त्यांतील मेलानोप्सिन हे द्रव्य सुमारे 480 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देते. रात्री असा प्रखर प्रकाश डोळ्यांत गेला की झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन उशिरा स्रवते. ईशान्य भारतात डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तेथील कुटुंब निजेपर्यंत पाच-सहा तास दिव्यांच्या उजेडात असते. अशा घरांत संध्याकाळच्या छटेचा प्रश्न केवळ सजावटीचा राहत नाही. मात्र नुसती छटा बदलून भागत नाही, उजेडाचे प्रमाणही उतरवावे लागते. लख्ख पेटलेला 2700 केल्विनचा पॅनेल दिवा मंद पांढऱ्या दिव्यापेक्षा झोपेला अधिक बाधक ठरू शकतो.

याच विषयावरून भीतीचा बाजारही मांडला जातो. सुदृढ माणसाच्या डोळ्यांना एलईडीच्या सामान्य वापराने थेट अपाय होतो असा पुरावा नसल्याचे युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने 2018 मध्ये नमूद केले. त्यामुळे 'नेत्ररक्षक' असा शिक्का मारलेल्या बल्बसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण दिसत नाही. ज्येष्ठांची गरज वेगळी असते. वयोमानाने डोळ्यातील भिंग पिवळे व धूसर होत गेल्याने त्यांना वाचनासाठी तरुणांहून बराच अधिक उजेड लागतो, पण चकाकीचा त्रासही अधिक होतो. छताच्या एका प्रखर दिव्यापेक्षा खांद्याच्या बाजूने येणारा, आवरण असलेला वाचनदिवा त्यांना सोयीचा. रात्री उठल्यावर न्हाणीघरापर्यंत जाण्यासाठी जमिनीलगत मंद पिवळा दिवा असावा.

पैठणी दुकानात एका रंगाची आणि घरी दुसऱ्याच रंगाची दिसते, यामागे छटेइतकाच रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे सीआरआय, कारणीभूत असतो. सूर्यप्रकाशाच्या तुलनेत वस्तूंचे रंग किती यथातथ्य दिसतात, हे तो शंभरापैकी सांगतो. सामान्य एलईडीचा निर्देशांक 80 च्या आसपास असतो. 90 वा अधिक असेल तर त्वचा, फळे, मसाले, वस्त्रे खऱ्या रंगात दिसतात. यातही एक मेख आहे : ही सरासरी आठ फिकट रंगांवरून काढतात आणि गडद लाल त्यात मोडत नाही. तो 'आर-नाइन' या नावाने स्वतंत्र दिलेला असतो, किंवा दिलेलाच नसतो. आरशासमोर व जेवणाच्या टेबलावर तरी 90 चा दिवा घ्यावा.

खोक्यावरील 25,000 तासांचे आयुष्य रोज पाच तासांच्या हिशेबाने साडेतेरा वर्षे होते. तरीही बल्ब दोन वर्षांत बंद पडतात. हे तास सामान्यतः चिपचा उजेड 70 टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात. आधी बिघडतो तो चिपला वीज पुरवणारा ड्रायव्हर, आणि त्याचा शत्रू उष्णता. बंदिस्त काचेच्या हंडीत लावलेला एलईडी म्हणूनच लवकर जातो. हलक्या ड्रायव्हरमुळे उजेड सेकंदाला 100 वेळा कमी-अधिक होतो. तो डोळ्यांना दिसला नाही तरी काहींचे डोके दुखते. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर रोखल्यास पडद्यावर सरकते काळे पट्टे दिसतात, त्यावरून दोष ओळखता येतो. भारतीय मानक ब्युरोचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे आणि हमीचा काळ पाहूनच खरेदी करावी.

एका खोलीत दोन छटा मिसळू नयेत. आकडा सारखा असूनही एक दिवा हिरवट आणि दुसरा गुलाबी दिसू शकतो, यास्तव छताचे सर्व दिवे एकाच कंपनीचे व एकाच वेळी घ्यावेत आणि एक-दोन जादा ठेवावेत. जुन्या डिमरवर साधा एलईडी लुकलुकतो. डिमरसाठी बनवलेला बल्ब वेगळा मागावा लागतो. आणि बटण बंद केल्यावरही बल्ब अंधुक तेवत राहिला, तर तो बदलण्यापूर्वी बटणातील लाल निऑन काढून पाहावा, किंवा बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर तर जोडलेले नाही ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. दुसरा दोष असेल तर होल्डरमध्ये हात घालणाऱ्याच्या जिवाशी गाठ असते.