रेडियमची कांडी व डोळस उपचार

औषध सांपडलें म्हणजे रोगाचा इतिहास संपला, असें आपण समजतों. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची हकीकत मात्र निराळी आहे. १८९८ सालीं क्यूरी दांपत्यानें रेडियम शोधून काढलें, आणि १९०३ सालीं न्यूयॉर्कच्या डॉक्टर मार्गारेट क्लीव्ह्ज यांनीं या रोगावर तें योजलें. रेडियम शरीराच्या पोकळींतच ठेवलें, म्हणजे रोगग्रस्त भागीं किरण तीव्र पडतात व अंतर वाढेल तसा त्यांचा जोर झपाट्यानें ओसरतो, हें त्यामागील तत्त्व.

पण मूत्राशय व गुदाशय अगदीं लगत! मात्रा कमी पडली तर रोग उरे. अधिक झाली तर हे अवयव दुखावत. १९३८ सालीं मँचेस्टरच्या टॉड व मेरेडिथ यांनीं मात्रा मोजण्यासाठीं एक ठराविक बिंदु नेमून दिला. त्यानें उपचारांस शिस्त आली. परंतु प्रत्येक स्त्रीची गांठ त्या बिंदूच्या मापानें थोडीच वाढते!

खरें स्थित्यंतर एम. आर. आय. चित्रांनीं घडविलें. गांठ प्रत्यक्ष पाहून मात्रा आखण्याच्या शिफारशी युरोपीय तज्ज्ञांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केल्या. पुढें २००८ ते २०१५ या काळांतील ‘एम्ब्रेस’ अभ्यासांत, पांच वर्षांअखेर मूळ जागचा रोग शेंकडा ९२ रुग्णांत आटोक्यांत राहिल्याचें दिसलें. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालयही त्यांत सहभागी होतें.

किरण १९०३ सालींही होते. नव्हती ती दृष्टि. जेथें हीं यंत्रें पोंचलीं नाहींत, तेथील भगिनींस आजही त्या जुन्या बिंदूवरच विसंबावें लागतें, ही गोष्ट आम्हांस विसरतां येत नाहीं.