सावत्र आई : कथेंतील आणि इतिहासांतील

तुळजापुरास श्रीभवानीच्या द्वारीं ‘आई राजा उदो उदो’ हा घोष ज्यानें ऐकला आहे, त्यास महाराष्ट्रांत ‘आई’ या शब्दाचें वजन किती आहे हें सांगावयास नको. आई कोपेल, कसोटी पाहील. पण ती दुष्ट आहे असें म्हणावयास कोणाची जीभ धजत नाहीं. मग घरांत मुलांचा जो छळ होतो, तो कथेकऱ्यानें कोणाच्या नांवावर घालावा? आमच्या मतें ‘सावत्र’ या एका विशेषणानें त्याची ही अडचण दूर केली.

ही युक्ति केवळ आमच्याकडचीच नव्हे. जर्मनींतील ग्रिम बंधूंच्या संग्रहांत १८१२ सालीं हिमगौरीचा जीव घेऊं पाहणारी राणी तिची सख्खी आईच होती. १८१९ च्या आवृत्तींत ती सावत्र झाली. इकडे मेरी फ्रिअर हिनें १८६८ सालीं प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या कथांत, ॲना डिसूझा या आयेनें सांगितलेली सात राजकन्यांची गोष्ट आहे. तींत सावत्र आई मुलींस उपाशी मारूं पाहते, आणि मेलेली आई आपल्या थडग्यावर उगवलेल्या झाडाच्या फळांनीं त्यांस पोसते. त्या मुलींस रानांत टाकून येणारा बाप मात्र खल ठरत नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

कथेंत हें चालून जातें. इतिहासांत तें अन्यायाचें होतें. याच भवानीस कुलदेवता मानणाऱ्या भोसल्यांच्या घराचें उदाहरण पाहावें. सईबाई १६५९ सालीं वारल्या, तेव्हां संभाजीराजे अवघे दोन वर्षांचे होते. १६८० सालीं शिवछत्रपतींच्या निधनानंतर सोयराबाईंचे पुत्र राजाराम यांस रायगडावर गादीवर बसविण्यांत आलें. परंतु खुद्द सोयराबाईंचे बंधु हंबीरराव मोहिते संभाजीराजांस मिळाले आणि तो बेत फसला.

येथवर हें राजकारण झालें. पुढें कहाणीनें त्याचा ताबा घेतला. राणीनें पतीस विष घातलें आणि सावत्र पुत्रानें तिला भिंतींत कोंडून मारिलें, अशी हकीकत रूढ झाली. भिंतीची गोष्ट ज्यांच्या बखरींत येते, ते मल्हार रामराव चिटणीस सव्वाशें वर्षांनंतरचे; शिवाय त्यांचे पूर्वज बाळाजी आवजी यांस संभाजीराजांनीं १६८१ सालीं देहदंड दिला होता. वस्तुतः रायगड संभाजीराजांच्या हातीं आल्यावरही सोयराबाई वर्षाहून अधिक काळ हयात होत्या. त्यांचा अंत कसा झाला, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत.

पण एक पुरावा बोलका आहे. १६८० च्या ऑगस्टांत बाकरे यांस दिलेल्या संस्कृत दानपत्रांत संभाजीराजांनीं या सावत्र मातेचें अंतःकरण स्फटिकासारखें निर्मळ म्हटलें असून, तें कलुषित केल्याचा दोष मंत्र्यांवर ठेविला आहे. त्यांत राजनीतीचा भाग असेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. तरीही ज्याचें राज्य जात होतें त्यानें जो विवेक दाखविला, तो पुढील कथेकऱ्यांस दाखवितां आला नाहीं.

मुलांस कहाण्या खुशाल सांगाव्या. त्यांवांचून बालपण कोरडें होईल. मात्र ‘सावत्र’ हा शब्द पुरावा नव्हे, एवढें वाचकांनीं इतिहास उघडतांना आणि शेजारच्या घराकडे पाहतांना ध्यानीं ठेवावें.