कॉल सेंटरमधील भाषाश्रम आणि मनःस्वास्थ्य

मुंबईच्या कापड गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. त्याविरुद्ध कामगारांत असंतोष माजला. अखेर १९११ च्या फॅक्टरी कायद्याने गिरणीतील प्रौढ पुरुषाच्या कामास बारा तासांची मर्यादा घातली. श्रमाचे माप घड्याळाने घ्यावयाचे, ही त्या कायद्याची दृष्टी होती व यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या देहाच्या बाबतीत ती यथार्थही होती. त्याच शहरात नऊ दशकांनी रात्रीचा एक नवा उद्योग उभा राहिला. त्यातील नोकरवर्गाच्या मनस्तापाचा विचार करतानाही बहुधा हेच घड्याळ हाती घेतले गेले. परंतु या कामात झिजत होती ती प्रामुख्याने वाणी. आणि वाणीची झीज तासांत मोजता येत नाही.

या उद्योगाचा आरंभ परदेशी कंपन्यांनी स्वतःसाठी काढलेल्या कचेऱ्यांतून झाला. ब्रिटिश एअरवेजने १९९६ मध्ये मुंबईत, तर जनरल इलेक्ट्रिकने १९९७ मध्ये गुडगावला आपली सेवाकेंद्रे उघडली. १९९९ च्या दूरसंचार धोरणानंतर त्यांस वेग आला आणि मालाड, पुणे, बंगळूर येथे अशा कचेऱ्यांच्या रांगा लागल्या. न्यूयॉर्क आणि भारत यांच्या वेळांत ऋतुमानाप्रमाणे साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर असल्याने तेथील दिवस म्हणजे येथील रात्र होय. झोपमोड, पचनाच्या तक्रारी, कुटुंबाशी होणारी ताटातूट ही या व्यवस्थेची उघड फळे होती. देहाचे दैनंदिन चक्र बिघडविणारी पाळी कर्करोगास बहुधा कारण होत असावी, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये केले. हे सर्व खरेच आहे. पण रात्रपाळी परिचारिकाही करतात, रेल्वेचे सांधेवालेही करतात. त्यांच्या आणि या तरुणांच्या मनःस्थितीत जो भेद दिसतो, त्याचा उलगडा रात्रीने होत नाही.

तो उलगडा शिकवणीच्या वर्गापासून शोधावा लागतो. नोकरीच्या पहिल्या काही आठवड्यांत उमेदवारांच्या उच्चारांची घडण बदलण्यात येई. मराठी भाषकाचा एकच ‘व’ इंग्रजीतील दोन भिन्न ध्वनींचे काम करतो. इंग्रजीचे दंतमूलीय ध्वनी तो ‘ट’, ‘ड’ असे मूर्धन्य उच्चारतो. शब्दारंभी इंग्रज ज्या स्पर्शवर्णांना हलकासा महाप्राण देतो, ते तो अल्पप्राण ठेवतो. याहून अवघड गोष्ट लयीची. इंग्रजी वाक्य आघातांवर तोलले जाते व आघातहीन अवयव त्यात आक्रसतात; मराठीत अक्षरांना असे चेपले जात नाही. ही द्वैभाषिकाची स्वाभाविक लक्षणे होत. उरिएल वाइनराइख यांनी १९५३ मध्ये त्यांचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्यात निंदेचा अंश नव्हता. कॉल सेंटरच्या परिभाषेत मात्र त्याच वस्तुस्थितीला ‘मदर टंग इन्फ्ल्युअन्स’, संक्षेपाने ‘एमटीआय’, असे नाव पडले आणि ते दोषपत्रकातील एक रकाना होऊन बसले. मातृभाषेचा ठसा हा दोष ठरावा, ही घटना भाषाव्यवहाराच्या इतिहासात सामान्य खचित नव्हे.

उच्चारापाठोपाठ नावही बदले. दिवसाची सुनंदा रात्री ‘सूझन’ होई. काही जणांना यात नाटकाची मौज वाटत असे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण नाटकातील नटाला पडदा पडल्यावर टाळ्या मिळतात. येथे संवादाचे शब्द आधी लिहून ठेवलेले, प्रत्येक संभाषणाचा अवधी सेकंदांत मोजलेला, आणि ध्वनिमुद्रित संभाषण तपासणारा पर्यवेक्षक अदृश्य. २००३-०४ मध्ये अमेरिकेत परदेशी जाणाऱ्या नोकऱ्यांवरून राजकीय वादळ उठले, तेव्हा त्या रोषाचे धनी हे तरुण झाले. फिलाडेल्फियातील एका नभोवाणी निवेदकाने भारतातील सेवाकेंद्राला दूरध्वनी करून तेथील तरुणीला वंशद्वेषी शिव्या दिल्या आणि श्रोत्यांना ते ऐकविले. हे प्रकरण २००५ च्या आरंभी गाजले. असा भडिमार सोसताना स्वर सौम्य राखणे हा कामाचाच भाग होता. आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली ती विमानातील सेविका आणि कर्जवसुली करणारे नोकर यांच्या निरीक्षणावरून. कॉल सेंटरच्या नोकराकडून या दोघांचेही स्वर अपेक्षिले जात, आणि तेही उसन्या नावाने. शिवी ‘सूझन’ला दिलेली असली तरी कानी पडे ती सुनंदाच्या.

बाबू रमेश यांनी २००४ मध्ये ‘सायबर कुली’ हा शब्द आपल्या निबंधाच्या शीर्षकात योजला. पगार चांगला, कचेरी वातानुकूलित, मग कुली कसे, हा प्रश्न त्यावर विचारता येतो. बोलण्याच्या स्वातंत्र्याचा हिशेब वेतनपत्रात होत नसतो, याचा त्या प्रश्नात विसर पडतो.

शासनाचे लक्ष वेधले गेले ते अन्य कारणाने. २००५ मध्ये बंगळूरला आणि २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीच्या तरुणींची वाहनचालकांकडून हत्या झाली, तेव्हा ने-आण आणि पहारा यांचा प्रश्न ऐरणीवर आला. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापनाविषयक २०१७ च्या अधिनियमाने रात्री साडेनऊनंतर स्त्रियांच्या कामास त्यांची संमती व संरक्षणाची व्यवस्था या अटी घातल्या. तरतूद आवश्यकच होती. परंतु तीही घड्याळाचीच होती. त्याच वर्षीचा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम रुग्णाच्या उपचारांचा व हक्कांचा विचार करतो. काम कसे असावे, हा त्याचा विषय नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची व्याख्या कामाच्या ठिकाणच्या दीर्घ ताणाशी जोडली, मात्र त्यास रोग न म्हणता व्यवसायजन्य अवस्था म्हटले.

दरम्यान उच्चारांचा आदर्शही पालटला होता. अमेरिकन ढंगाच्या जागी कोणत्याच प्रदेशाचा न वाटणारा ‘न्यूट्रल अ‍ॅक्सेंट’ आला, ए. अनीश यांच्या २०१५ च्या ग्रंथाचे शीर्षकच ते आहे. असा उच्चार कोणाचीही मातृभाषा नसल्याने तो साधला किंवा नाही, हे ठरविण्याचा अधिकार केवळ पर्यवेक्षकाकडे उरला. नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार विभागाने नियम सैल केले आणि ही पाळी घरोघरी नेणे सुकर झाले. शेजारच्या खोलीतील आईवडिलांच्या कानांवर तो दुसरा आवाज पडू लागला. अलीकडे बोलणाऱ्याचा उच्चार तत्क्षणी बदलून ग्राहकाच्या कानी घालणारी यंत्रप्रणालीही काही भारतीय केंद्रांत आली आहे. तिच्यामुळे उच्चारांची शिकवणी कदाचित संपेल. ग्राहकाचा शब्द मात्र नोकराकडे पूर्वीसारखाच, जशाच्या तसा, येत राहणार आहे.