भीमजी पारेखांचे खिळे

सुरत हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे शिवछत्रपतींच्या दोन स्वाऱ्या उभ्या राहतात. पहिली १६६४ ची, दुसरी ऑक्टोबर १६७० ची. या दुसऱ्या स्वारीच्याच वर्षी, जानेवारीत, सुरतेच्या इंग्रज वखारीतून लंडनला एक विनंती रवाना झाली. तिचे स्मरण मात्र फार थोडक्यांस असेल. कंपनीचे दलाल भीमजी पारेख यांस ब्राह्मणांचे काही प्राचीन ग्रंथ छापावयाचे होते. त्यासाठी एक कुशल मुद्रक मुंबईस धाडावा, त्यास तीन वर्षे दरसाल ५० पौंड आपण देऊ आणि उपकरणांचा खर्चही सोसू, असे त्यांचे म्हणणे होते. आदल्याच वर्षी काझीच्या जाचास विटून जे व्यापारी सुरत सोडून भडोचला गेले, त्यांच्या पुढाऱ्यांत हे गृहस्थ होते.

१६७४ साली हेन्री हिल्स हा मुद्रक यंत्र, खिळे व कागद घेऊन आला. पण आम्हां वकिलांच्या भाषेत बोलावयाचे तर मूळ करारातच त्रुटी राहून गेली होती. मागितला होता छापणारा. हवा होता खिळे ओतणारा. हिल्सला येथील अक्षरे पाडता येईनात. भीमजींनी मग आपल्याच माणसांकडून वाणी लोकांच्या लिपीत काही कागद छापवून घेतले. ते सुवाच्य असल्याचा निर्वाळा वखारवाल्यांनीच दिला, परंतु खर्च व दिरंगाई फार, तरी ओतारी पाठवावा, असे त्यांस पुन्हा लिहावे लागले. ग्रंथ एकही हाती आला नाही. प्रा. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात ही हकीकत मांडली आहे.

आमच्या गोव्याची कथा निराळी नव्हे. तेथे छापखाना १५५६ सालीच आला. तरी फादर स्टीफन्सचे मराठी पुराण १६१६ साली निघाले ते रोमन लिपीत. भीमजींची इच्छा फळास आली ती मुंबईतच, पण सुमारे दोन शतकांनी, जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर काढला तेव्हा.

संगणकाच्या जाळ्यावर, म्हणजे ज्यास आज सारे वेब म्हणतात तेथे, हाच खटला पुन्हा उभा राहिला. यंत्र आले, अक्षर नव्हते. जो तो विक्रेता आपल्या फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरे बसवी. तो फॉण्ट दुसऱ्या यंत्रावर नसला की मजकुराचा चिवडा होई. १९९१ साली भारतीय मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस १२८ घरांचा स्वतंत्र वाडा मिळाला. त्यातही ‘ॲ’ला खोली मिळाली ती २००८ साली, आमच्या नावामागील ‘ॲडव्होकेट’ तोवर नियमाने बेघरच होता म्हणावयाचा!

आता वेबपान आपला फॉण्ट बरोबर घेऊनच वाचकाकडे जाते. मुंबईच्या एक टाइप मंडळींचा ‘मुक्त’ हा देवनागरी फॉण्ट खुल्या परवान्याने कोणासही वापरता येतो, बदलता येतो. नुसता फॉण्ट सुटा विकता मात्र येत नाही. दस्तऐवज म्हणून तो परवाना आम्हांस फार आवडला. कारागीर आपले काम ‘गिट’ या साधनात ठेवतात. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते २००५ साली रचले. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद त्यात राहते. तलाठ्याची फेरफार नोंदवहीच ती!

देवस्थानांच्या स्मरणिका, स्तोत्रसंग्रह, कुळांची इतिवृत्ते यांतले पुष्कळसे लेखन मात्र अद्याप जुन्या फॉण्टांत अडकले आहे, मराठी तसेच कोंकणीही. ते युनिकोडमध्ये उतरविणारी आज्ञावली लिहिता येते, पण अक्षरास अक्षर लावून भागत नाही. जुन्या फॉण्टात ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाई, युनिकोडात ती नंतर साठविली जाते. रफाराचे याच्या उलट. म्हणून जाणते कारागीर आधी उत्तर ठाऊक असलेल्या शब्दांची यादी करतात आणि आज्ञावलीत कानामात्रेचा फरक केला तरी ती सारी यादी पुन्हा तपासून घेतात. त्या यादीत ‘आचार्यांस’ आणि ‘आचाऱ्यांस’ हे दोन्ही शब्द असावेत, अशी आमची सूचना आहे. नाहीतर मठाच्या इतिवृत्तात आचार्यांस अर्पण केलेली शाल व दक्षिणा मुदपाकखान्यात जमा व्हावयाची.