किल्लारीची वाकळ

थंड देशांतील गृहिणी विणकाम करून उरलेल्या लोकरीच्या गुंड्या जपून ठेवतात. मग त्यांचे रंगीबेरंगी चौकोन विणून व एकमेकांस जोडून त्यांचीं पांघरुणें आणि उशांचे अभ्रे करतात. मराठवाड्यांत लोकर होती ती धनगराच्या मेंढ्यांची, आणि तिचें घोंगडें होई सणगराच्या मागावर. घरच्या स्त्रीच्या हातीं उरे तें जुनें सुती कापड. त्यांतून तिनें वाकळ घडविली. पुण्याकडे हिलाच गोधडी म्हणतात, शेजारच्या कानडी मुलखांत कौदी, आणि संस्कृतांत कंथा. बंगालचा सुप्रसिद्ध कांथा त्याच कुळांतला.

वाकळेची रचना वरवर सोपी वाटते. वरखालीं जुनीं लुगडीं. आंत धोतर, चोळ्या, मुलांचे सदरे, जें असेल तें. उन्हाळ्यांत शेतीचीं कामें उरकलीं कीं हें सारें जमिनीवर अंथरावयाचें व धांवदोरा घालावयाचा. दोरा कडेनें निघतो आणि चौकोनाच्या आंत चौकोन घालीत मध्यावर येतो. प्रत्येक टांका सर्व थरांतून आरपार गेला पाहिजे. एक थर सुटला, तर पहिल्याच धुण्यांत आंतल्या चिंध्यांचा गोळा होतो.

आमच्याकडे ताम्रपटांची चिकित्सा पुष्कळ झाली; चिंध्यांची कोणी केली नाहीं. वास्तविक औसा तालुक्यांतील किल्लारीसारख्या गांवीं, जें १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होतें, सामान्य कुटुंबांत लिहिलेला कागद क्वचितच सांपडे. पण हा इरकली काठ आजीचा, हा खण आत्याच्या चोळीचा, हें गिरणीचें कापड अमक्याच्या लग्नांतलें, इतकें वाकळेवर बोट ठेवून सांगतां येत असे. श्रोत्यांपैकीं ज्यांचें बालपण खेड्यांत गेलें, त्यांना हें नवें वाटणार नाहीं.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीस भूकंप झाला. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन होऊन लोक निजले होते. धक्का ६.२ प्रतीचा, जगाच्या हिशेबानें तो फार मोठा नव्हे. तरी लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसें गेलीं. कारण घरांत होतें. भिंती जाड, पण दुपदरी: आंतबाहेर दगडांच्या दोन रांगा, मध्यें चिपा व माती. दोन्ही पदरांतून आरपार जाणारे लांब दगड बहुधा नसत. वर उन्हापासून रक्षण करणारें मातीचें जड माळवद. धक्क्यासरशी पदर सुटले व माळवद खालीं आलें. वाकळेचे थर जसे टांक्यांनीं बांधलेले असत, तसे ह्या भिंतींचे नव्हते. पुढें उरलेलीं घरें मजबूत करतांना स्थापत्यशास्त्रज्ञांनीं भिंतींना भोंकें पाडून लोखंड व काँक्रीट यांचे आरपार सांधे घालण्यास सांगितलें, तें ह्याचसाठीं.

५२ गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. कांबळीं, चादरी मदत म्हणून आल्या, आणि थंडीपुरत्या त्या पुरल्याहि. परंतु कोणता काठ कोणाचा हें सांगणारी म्हातारीच जिथें राहिली नाहीं, तिथें ढिगाऱ्यांतून निघालेली वाकळ निव्वळ कापड ठरली. पुढें कृत्रिम धाग्यांच्या साड्या आल्या. त्या विटत नाहींत, घाम शोषीत नाहींत, आणि थर घातले तर सुईखालून निसटतात. शहरांतील दुकानांत आज गोधड्या मिळतात. त्यांतील पुष्कळशा नव्या कापडाच्या असतात. तान्ह्या बाळाचें दुपटें मात्र अजूनहि कित्येक घरीं आजीच्या जुन्या सुती लुगड्याचेंच शिवतात.