डोंगराआडचं पाणी

आज मुंबईच्या नळाचा इतिहास सांगणार आहे, तोही दिंडोशीच्या बाजूने.

दिंडोशी म्हणजे गोरेगाव-मालाडच्या पूर्वेचा, महामार्गापलीकडचा डोंगराळ भाग. त्या डोंगराच्या दुसऱ्या अंगाला विहार तलाव आहे. मिठी नदी अडवून तो 1860 साली बांधून झाला. त्याआधी मुंबई विहिरींचं आणि तळ्यांचं पाणी प्यायची. 1854 च्या टंचाईत तेही आटलं, आणि पटकी, नारू हे तर नेहमीचेच रोग होते. विहारचं पाणी नळाने शहरात गेलं. शहरात म्हणजे दक्षिणेकडे. दिंडोशी तेव्हा साष्टीतलं एक खेडं. पाणी उशाशी आणि हंडा विहिरीवर, ही गोष्ट शहापूरच्या बायकांना नव्याने सांगायला नको. त्यांच्या तालुक्यातल्या तानसा-भातसाचं पाणी आज मुंबई पिते, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट त्यांचेच पाडे बघतात.

गोरेगाव, मालाड 1957 साली मुंबई महापालिकेत आले. त्याआधी गोरेगावला आपल्यासारखीच ग्रामपंचायत होती, आणि मृणाल गोरे तिच्या सदस्य होत्या. 1961 साली त्या महापालिकेवर निवडून गेल्या. वस्त्यांतल्या बायकांना बरोबर घेऊन पाण्यासाठी त्या इतक्या लढल्या की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. 1977 मध्ये त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हाची घोषणा वडीलधाऱ्यांना आठवत असेल: पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात! पुढे त्यांच्या नागरी निवारा परिषदेने दिंडोशीतच सहा हजारांवर घरांची वसाहत उभी केली.

या लढ्याला आपण टंचाईचा लढा म्हणतो. मला ते अपुरं वाटतं. तो स्वच्छ पाण्याचाही लढा होता. कसा, ते सांगते.

धरणांचं बरंचसं पाणी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात येतं. आशियातल्या मोठ्या केंद्रांपैकी ते एक. तिथे गाळ खाली बसवतात, पाणी वाळूतून गाळतात, क्लोरीन देतात. तिथून निघतं तेव्हा ते पिण्याजोगं असतं. बिघडतं ते वाटेत. मुंबईच्या बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तासच येतं. पाइप भरून जोरात वाहत असेल तर भेगेतून पाणी बाहेर गळतं, घाण आत शिरत नाही. पाणी बंद झालं की जोर संपतो आणि बाहेरचं आत झिरपतं. शेजारी गटार असेल तर गटारातलं! म्हणून पाणी सुटल्यावर येणारं पहिलं पाणी बहुधा सर्वांत वाईट. त्यात कुणी नळाला मोटार लावली, तर ती पाण्याबरोबर घाणही ओढते. हुबळी-धारवाडमध्ये चोवीस तास पाणी असलेल्या आणि थांबून-थांबून पाणी येणाऱ्या भागांतले नमुने तपासले, तेव्हा हाच फरक दिसला होता.

आता ज्यांना नळच मिळत नाही त्यांचं बघा. मुंबईत अनेक वर्षं नियम असा होता की झोपडी ठरावीक तारखेच्या आधीची असेल तरच नळ. आधी 1995, मग 2000. त्यानंतर आलेल्यांनी काय करायचं? लांबून बारीक पाइप ओढायचे, तेही गटारातून, नाहीतर पाणी विकत घ्यायचं. नळ नाकारला की माणूस घाणीच्या जवळ ढकलला जातो. पोरांना जुलाब झाले की मात्र बोल बाईलाच, पाणी उकळलं नाहीस म्हणून.

पाणी हक्क समिती या प्रश्नावर उच्च न्यायालयात गेली. 15 डिसेंबर 2014 रोजी न्यायालयाने सांगितलं की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. दर जास्त लावा, सार्वजनिक नळ द्या, पण पाणी द्या. 1 मे 2022 पासून महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणलं. मध्ये सात वर्षांहून जास्त काळ गेला.

मालाडच्या टेकडीवर महापालिकेचा मोठा जलाशय आहे. जुलै 2019 च्या पावसात त्याची भिंत खालच्या पिंपरीपाड्यातल्या झोपड्यांवर कोसळली. 25 हून अधिक माणसं गेली. दिंडोशीचा इतिहास सांगताना ही रात्र वगळता येत नाही.

आपल्या गावातल्या पाण्याचंही असंच आहे. टीसीएल टाकीत टाकतात, पण पाइप गावभर फिरतो, आणि तोही दिवसातून थोडा वेळच भरलेला असतो. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं आहे. तुमच्या गटातल्या कुणाकडे ती पेटी असेल तर नमुना टाकीखालून घेऊ नका. पाइपाच्या टोकाला, शेवटच्या घरी जा. तिथल्या नळाला लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं दिसलं पाहिजे.