माजी सैनिकांची सेवा-कागदपत्रे : कोठे असतात, कशी मिळतात

बार्शी : लष्करातून निवृत्त झालेल्या जवानाच्या सेवेची नोंद, वैद्यकीय तपासणीचे अहवाल आणि कुटुंबाचा तपशील ना बार्शीच्या तहसील कार्यालयात असतो, ना सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. तो असतो संबंधित रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयात. एवढी एक बाब ठाऊक नसल्याने माजी सैनिक व वीरपत्नींना नाहक हेलपाटे पडतात.

मराठा लाइट इन्फंट्रीचे अभिलेख कार्यालय बेळगाव येथे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे पुण्यात खडकीला, तर चिलखती दलाचे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे आहे. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाच्या नवी दिल्लीत सुब्रतो पार्क येथे ठेवल्या जातात.

सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव व सेवामुक्तीची तारीख नमूद करून प्रथम साधा अर्ज करावा. दाद न लागल्यास माहिती अधिकार कायदा, २००५ हाताशी आहे. त्याचे शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये; दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही माफ. ३० दिवसांची मुदत उलटली, तर प्रती विनामूल्य द्याव्या लागतात. ही तरतूद मात्र फारच थोडे अर्जदार वापरतात. केंद्रीय राखीव पोलिस दल, सीमा सुरक्षा दल यांना या कायद्यातून बरीच सूट असल्याने तेथील निवृत्तांना हा मार्ग तितका मोकळा नाही. निवृत्तिवेतनाचा आदेश 'स्पर्श' या संगणकीय प्रणालीवरून मोफत उतरवून घेता येतो.

अमेरिकेत माजी सैनिकाला आपल्या सेवेच्या कागदपत्रांच्या प्रती सेंट लुईस येथील केंद्रातून सर्वसाधारणपणे मोफत मिळतात. तेथेही १९७३ च्या आगीत १.६ ते १.८ कोटी फायली भस्मसात झाल्या. आपल्याकडे आगीची गरज नाही, नियमच पुरेसा आहे. निवृत्तिवेतनास पात्र न ठरता घरी परतलेल्या जवानाची कागदपत्रे लष्कराच्या नियमानुसार २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात. २००० च्या सुमारास बाहेर पडलेल्यांची ही मुदत आता भरत आली आहे.

अपंगत्वामुळे मुदतीपूर्वी सेवामुक्त झालेल्यांना याचा फटका सर्वाधिक बसतो. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवाकाळात जडला असे गृहीत धरावे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग प्रकरणात २०१३ मध्ये दिला. त्याचा लाभ घ्यायचा तर भरतीवेळचा वैद्यकीय अहवाल हवा, आणि तो त्याच फायलीत असतो. सेवामुक्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाचा अहवालही सोबतच मागून घ्यावा.

पत्नीचे नाव किंवा जन्मतारीख आधार कार्डाशी जुळत नसेल, तर ती दुरुस्ती जवान हयात असतानाच करून घेणे सोपे जाते. त्यासाठीचा अर्ज सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत अभिलेख कार्यालयाकडे पाठविता येतो.